वाचक विचारतात: ड्रॉप सेट मारू की आधी साधा सेट नीट मारू?

या वेळी आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत. ड्रॉप सेट, रेस्ट-पॉज, फोर्स्ड रेप, निगेटिव्ह, म्हणजे नेहमीचा सेट आणखी पिळून काढायच्या ज्या युक्त्यांना जिममध्ये ‘इंटेन्सिटी टेक्निक’ म्हणतात ते सगळं. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच देऊन टाकतोय, बाकीच्यांनी पुढच्या वेळेपर्यंत धीर धरा.

प्रश्न: दादा, माझं वय २४, जिमला दीड वर्ष झालं. पहिल्या सहा-सात महिन्यांत मस्त फरक पडला पण आता पाच महिने झाले दंड तेवढेच आणि बेंचचं वजनही तेवढंच. आमच्यातला एक जण म्हणतो बॉडीला सवय झालीय, तिला शॉक द्यावा लागतो, प्रत्येक व्यायामाच्या शेवटी ड्रॉप सेट, म्हणजे न थांबता वजन कमी करत पुढे, मार. मारू का?

नको मारूस. कायमचं नको असं नाही म्हणत, पण आत्ता नको. आधी एक चाचणी कर. ज्या वजनाने तू १० रेपचे सेट मारतोस ना (वजन एकदा वर-खाली झालं की एक रेप, असे सलग मारले की एक सेट), ते वजन एकदा डंबेल कर्लला किंवा एखाद्या मशीनवर घे (बेंचवर करायचंच असेल तर मागे स्पॉटर, अडकलास तर बार पकडणारा माणूस, पाहिजे म्हणजे पाहिजेच), मोजायचं काम मित्राला दे आणि फॉर्म न बिघडवता वजन वर जायचं बंद होईपर्यंत मारत राहा. बऱ्याच जणांचे १४-१५ होतात. मी स्वतः पहिल्यांदा हे केलं तेव्हा ज्या वजनाला मी चार महिने ‘माझं हेवी’ म्हणून सगळ्यांना सांगत फिरायचो त्याचे १६ झाले, आणि मोजणारा मित्र काही बोलला नाही, नुसता हसला, ते जास्त लागलं.

आता हे महत्त्वाचं का ते बघ. स्नायूतले सगळे तंतू पहिल्या रेपपासून कामाला लागत नाहीत. मज्जासंस्था आधी तंतूंच्या छोट्या, न थकणाऱ्या तुकड्यांना बोलावते आणि जोर कमी पडायला लागला की मग मोठ्या, ताकदवान पण लवकर दमणाऱ्या तुकड्यांना उठवते. एलवुड हेनेमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकात हा क्रम दाखवला, त्याला साइज प्रिन्सिपल म्हणतात. आणि आकार वाढण्याची सगळ्यात जास्त क्षमता त्या मोठ्या तुकड्यांतच असते. म्हणजे तू १५ होणारं वजन १० वर ठेवून देतोस तेव्हा नेमके ज्यांच्यासाठी जिमची फी भरलीस ते शेवटचे चार-पाच रेप मारतच नाहीस. यात बॉडीला सवय वगैरे काही झालेली नाही, तिच्याकडे कोणी पुरेसं मागितलंच नाहीये.

दुसरं म्हणजे ‘इंटेन्सिटी’ हा शब्द दोन अर्थाने वापरतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. एक अर्थ, वजन तुझ्या जास्तीत जास्त एका रेपच्या वजनाच्या किती टक्के आहे. दुसरा अर्थ, सेट संपताना तू किती पिळला गेलास. ताकदीला पहिला अर्थ जास्त लागतो आणि आकाराला दुसरा. ३० टक्क्यांसारख्या हलक्या वजनानेसुद्धा सेट थेट फेल्युअरपर्यंत, म्हणजे आणखी एकही रेप होईना तिथपर्यंत, नेला तर आकार जवळजवळ जड वजनाइतकाच वाढतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, फक्त त्या सेटमध्ये इतकी आग होते की कोणी आनंदाने करत नाही. आणि एका रेपची ताकद मात्र जड वजनानेच जास्त वाढते.

तर तू असं कर. ८ ते १२ रेपची रेंज धर, सेट अशा ठिकाणी संपव जिथे खिशात फार तर एक-दोन रेप शिल्लक आहेत, आणि तिन्ही सेटला १२ झाले की शक्य तेवढं कमी, म्हणजे बारला दोन-अडीच किलो वाढव. वहीत लिही. मोबाइलमध्ये लिहिलंस तरी चालेल पण लिही, कारण मागच्या आठवड्यात किती मारले हे कोणालाच आठवत नाही आणि आठवतं ते नेहमी दोनने जास्त असतं. आणि हो, या पाच महिन्यांत तुझं स्वतःचं वजन काट्यावर हललंय का? ते जर तसंच असेल तर दंड वाढायला माल कुठून येणार, थोडं जास्त खा. सहा-आठ आठवडे हे करूनही अडकलास तर ड्रॉप सेटचं पुढच्या उत्तरात सांगतोय ते वाच.

प्रश्न: ड्रॉप सेट, रेस्ट-पॉज, मायो-रेप, क्लस्टर या सगळ्यात नेमका फरक काय आणि कुठला कधी वापरायचा? व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय.

डोकं फिरायचं कारण असं की तिन्ही-चारींचं काम बरंचसं सारखंच आहे, नावं मात्र वेगवेगळी आणि प्रत्येकाचा एक एक भक्त. ड्रॉप सेटमध्ये तुम्ही विश्रांती न घेता वजन कमी करता. समजा साइड लॅटरलला (हात बाजूला खांद्यापर्यंत उचलायचा व्यायाम) १० किलोच्या डंबेलने १२ मारले आणि हात वर जाईना, लगेच ते ठेवून ७.५ ची जोडी उचलली, ७-८ झाले, मग ५ ची, पुन्हा ८-१० झाले. प्रत्येक वेळी साधारण २० ते २५ टक्के वजन कमी करायचं (डंबेलच्या जोड्या नेमक्या तशा नसतात, जवळची घ्या), आणि दोन ड्रॉप पुरे, पाच पाच ड्रॉप मारून रॅकसमोरची सगळी डंबेलं अडवून ठेवणारे लोक मला आवडत नाहीत हे इथे सांगून टाकतो.

रेस्ट-पॉजमध्ये वजन तेच राहतं आणि विश्रांती तुटक घ्यायची. १० रेपला अडकलात, वजन ठेवा, १५-२० सेकंद खोल श्वास घ्या, परत उचला, ३-४ होतील, परत १५-२० सेकंद, परत २-३. हे जमतं कसं, तर स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट नावाचा झटपट इंधनाचा साठा असतो, तो अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा परत भरतो आणि पूर्ण भरायला काही मिनिटं लागतात. तुम्ही टाकी अर्धीसुद्धा भरू देत नाही आणि परत कामाला लावता, त्यामुळे मोठे तुकडे उठलेलेच राहतात आणि पुढचा प्रत्येक रेप जणू सेटचा शेवटचाच रेप असतो. मायो-रेप हे त्याचंच भावंड, आधी १२-२० चा एक सेट मारून खिशात एक-दोन रेप ठेवायचे आणि मग पाच श्वास, ३-५ रेप, पाच श्वास, ३-५ रेप असं, रेप कमी पडायला लागले की बंद.

क्लस्टर मात्र वेगळ्या जातीचा आहे हे लक्षात ठेवा, तो दिसतो रेस्ट-पॉजसारखा पण उद्देश उलटा. त्यात थकवा यायच्या आत थांबायचं असतं. जे वजन तुम्ही सलग ५ वेळा उचलता ते २ वेळा उचला, २०-३० सेकंद थांबा, परत २, परत २. सगळे रेप ताजे, वेगाने, चांगल्या फॉर्मने होतात. हा ताकदवाल्यांचा.

आता कुठला कधी. ड्रॉप सेट आणि साधे सेट यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झालेत आणि आकाराची वाढ साधारण सारखीच निघते, फरक पडतो तो वेळेत. म्हणजे ड्रॉप सेट जादू करत नाही, घड्याळ वाचवतो. हे एकदा डोक्यात बसलं की निवड सोपी होते. केबल, मशीन, डंबेल कर्ल, लॅटरल, लेग एक्स्टेन्शन, पोटऱ्या, इथे मारा हवं ते. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बारबेल रो इथे मारू नका, तिथे मांडी दमायच्या आधी कंबर आणि श्वास दमतो, फॉर्म मोडतो आणि मग दोन आठवडे पाठ धरून बसता. आणि एका स्नायूला एका दिवसात एकदाच, शेवटच्या सेटला. पहिल्याच सेटला ड्रॉप मारलात तर पुढचे सगळे सेट लंगडे होतात, वहीत बघा, लगेच दिसेल.

प्रश्न: सर, बेंच प्रेस एका रेपला ८५ किलो होतं, वर्षभरात १०० करायचं आहे. माझा पार्टनर प्रत्येक सेटला शेवटचे तीन-चार रेप हात लावून काढून घेतो. त्याने ताकद लवकर वाढेल ना?

त्याची वाढेल. याला फोर्स्ड रेप म्हणतात, तुम्ही खाली पडून बेंच करताय आणि तो वरून फुकटात ट्रॅप्स (मानेखालचे स्नायू) आणि बायसेप मारतोय, त्यात त्याने किती उचललं आणि तुम्ही किती हे देवालाच माहीत, मग वहीत लिहायचं तरी काय?

ताकद हे स्नायूच्या आकाराइतकंच कौशल्याचं काम आहे, बार कुठून खाली येतो, पाय कसे रोवले, सगळे तुकडे एकदम कसे उठतात, हे सगळं जड पण न बिघडलेल्या रेपनेच शिकलं जातं. थकून लोंबकळत काढलेले रेप लोंबकळायचीच प्रॅक्टिस देतात. तुम्ही आठवड्यातून दोनदा बेंच करा. एक दिवस जड, ८० ते ८५ टक्के म्हणजे तुमचे साधारण ६७.५ ते ७२.५ किलो, ३ ते ५ रेपचे चार-पाच सेट, मध्ये तीन ते पाच मिनिटं विश्रांती (हो, खरंच पाच, लोक बघतात तर बघू देत), खिशात एक-दोन रेप शिल्लक. दुसऱ्या दिवशी हलकं, ८-१० रेप, आणि तिथे शेवटी ट्रायसेपला किंवा मशीन प्रेसला एक रेस्ट-पॉज टाकायचा तर टाका. दर महिन्याला मॅक्स, म्हणजे एका रेपचं जास्तीत जास्त वजन, तपासत बसू नका, अंदाजाचं गणित सोपं आहे, वजन गुणिले रेप भागिले ३०, आलेलं उत्तर वजनात मिळवायचं. ७५ किलोचे ५ झाले तर ७५ अधिक १२.५, म्हणजे ८७.५ च्या आसपास. दहाच्या वर रेप गेले की हे गणित भरकटतं.

जरा विषयांतर, पण वजन हळूहळू चढवायची ही पद्धत ज्या माणसामुळे डॉक्टरलोकांनी मान्य केली तो थॉमस डीलॉर्म, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांवर काम करत होता. त्या काळात जखमी गुडघ्यांना हलका व्यायाम द्यायची रीत होती, याने जड वजनं दिली आणि ते लवकर बरे व्हायला लागले, १९४५ मध्ये त्याने ते छापलं. नंतर त्याने आणि त्याच्या वॉटकिन्स नावाच्या सहकाऱ्याने ठरवलेली पद्धत म्हणजे १० रेपचे तीन सेट, पहिला १० रेपच्या कमाल वजनाच्या निम्म्याने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज ‘तीन सेट दहा रेप’ जो तो करतो ना, त्याचं मूळ तिथे आहे, आणि बघा, त्यात खरा जोराचा सेट एकच होता.

प्रश्न: मी ३४ वर्षांची आहे, दोन मुलं, नोकरी. आठवड्यात तीन वेळा ४० मिनिटं एवढंच जिमला मिळतात. सुपरसेट केले तर फायदा होईल की नुसती दमेन?

ताई, खरं तर हे सगळं टेक्निक प्रकरण तुमच्यासारख्यांसाठीच आहे, दोन दोन तास जिममध्ये पडून असणाऱ्यांसाठी नाही.

सुपरसेट, म्हणजे दोन व्यायाम जोडीने आलटून पालटून, उलट्या किंवा एकमेकांशी संबंध नसलेल्या स्नायूंचे करा. म्हणजे डंबेल प्रेस झाला की मिनिटभराने सीटेड रो, लेग प्रेसनंतर पुलडाऊन, ट्रायसेप पुशडाऊननंतर कर्ल. छाती दमलेली असताना पाठ ताजी असते त्यामुळे वजन फारसं कमी करावं लागत नाही आणि वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. अशा तीन जोड्या, प्रत्येकी तीन फेऱ्या, वॉर्मअप धरून ४० मिनिटांत बसतं. शेवटी पाच मिनिटं उरली तर लॅटरलला एक मायो-रेप सेट.

एकाच स्नायूचे दोन व्यायाम पाठोपाठ करायचा प्रकार, म्हणजे आधी फ्लाय मारून छाती दमवायची आणि लगेच बेंच, ज्याला प्री-एग्झॉस्ट म्हणतात, तो तुम्ही सोडून द्या. कल्पना ऐकायला छान आहे की दमलेली छाती बेंचमध्ये जास्त राबेल, पण स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून तपासलं तेव्हा छातीचं काम काही वाढलेलं दिसलं नाही, ट्रायसेपच जास्त राबले आणि बेंचचे रेप घटले. थोडी दमाल हे खरं, पहिले दोन आठवडे धाप लागेल, नंतर त्याचीही सवय होते.

प्रश्न: निगेटिव्ह रेपने पुल-अप जमेल का? माझं एकही होत नाही.

जमेल, आणि निगेटिव्हचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. वजन खाली सोडताना स्नायू उचलण्यापेक्षा जास्त भार पेलतो, ढोबळमानाने २० ते ४० टक्के जास्त, म्हणून वर जाता येत नसलं तरी हळू खाली येता येतं. स्टूलवर चढून हनुवटी बारच्या वर ठेवायची आणि चार-पाच सेकंदांत खाली, हात पूर्ण सरळ होईपर्यंत. असे ३-४ रेप, तीन सेट, आठवड्यात दोनदा. सेकंद तीनच्या खाली आले की सेट संपला, दगडासारखं पडायचं नाही.

पण पहिल्या दिवशी दोनच सेट कर. निगेटिव्हने जे अंग दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, केस विंचरायला हात वर जात नाही. गंमत म्हणजे तेच पुन्हा आठवड्याने केलं की दुखणं खूप कमी होतं, शरीर एकाच धड्यात शिकतं. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, हौसेने पहिल्याच दिवशी पन्नास-साठ निगेटिव्ह मारले आणि नंतर हात टम्म सुजले, वाकेनात, आणि लघवी कोलासारखी गडद झाली तर ते नेहमीचं दुखणं समजू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ. स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरलेला असतो आणि तो किडनीला झेपत नाही. महिनाभर सुटीनंतर परत आलेल्यांचंही असंच होतं, शरीराची सवय मोडलेली असते आणि वजन लावतात ते जुनंच.

प्रश्न: वय ५३, रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी वजनं उचलायला परवानगी दिली आहे. फेल्युअरपर्यंत जाऊ का?

नको. १९८५ मध्ये पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत सुई घालून व्यायाम करताना दाब मोजला होता, दोन्ही पायांच्या लेग प्रेसला एकाचा ४८० वर ३५० पर्यंत गेला. निरोगी, तरुण, सराव असलेला माणूस होता तो, आणि एरवीसुद्धा सेट फेल्युअरकडे जातो आणि माणूस श्वास कोंडून धरतो तेव्हाच दाब असा वर जातो. तुम्ही १२-१५ होणारं वजन घ्या, खिशात तीन-चार रेप ठेवून थांबा, ढकलताना श्वास बाहेर सोडा, लेग प्रेस एकेका पायाने करा. एवढ्यानेही स्नायू वाढतो. आणि ड्रॉप सेट वगैरेचं पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नावही काढू नका, मला विचारून काय होणार, मी तुमची ईसीजी पाहिलेली नाही.

प्रश्न: डोरियन येट्स आणि माइक मेंटझर हे बॉडीबिल्डर एका व्यायामाचा एकच सेट मारायचे. मग आम्ही का चार चार मारतोय?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला मजा येते. या ‘एकच सेट पण मरेपर्यंत’ विचाराचा मोठा प्रचारक आर्थर जोन्स, नॉटिलस नावाची व्यायामाची मशीनं काढणारा. त्याने १९७३ मध्ये कोलोरॅडोत केसी व्हायटर नावाच्या बॉडीबिल्डरवर प्रयोग केला आणि सांगितलं की २८ दिवसांत याला ६३ पौंड स्नायू चढला, म्हणजे साडेअठ्ठावीस किलो! पण व्हायटर त्याआधी अपघात आणि आजारपणात खूप वजन घालवून बसला होता, म्हणजे बरंचसं हरवलेलंच परत मिळवत होता, आणि सांगणारा माणूस स्वतः मशीन विकत होता. आता बोला.

येट्सची गोष्ट निराळी, त्याने १९९२ ते ९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिम्पिया, बॉडीबिल्डिंगची सगळ्यात मोठी स्पर्धा, मारली, त्याला नावं ठेवायची माझी पात्रता नाही. पण तो एका शेवटच्या सेटच्या आधी वॉर्मअप म्हणून जे एक-दोन सेट मारायचा ते तुमच्या-माझ्या कामाच्या सेटइतके असायचे, आणि त्याचा बायसेप १९९४ मध्ये फाटला आणि ट्रायसेप १९९७ मध्ये, हेही त्याच्यासोबत वाचायला हवं.

एका जोरदार सेटने फायदा होतो, चांगलाच होतो, नवीन माणसाला तर खूप. फक्त आठवड्याला एका स्नायूचे दहा-बारा चांगले सेट झाले तर सरासरीने जास्त वाढ होते, आणि ते सगळे फेल्युअरला न्यावे लागत नाहीत. मी २७ व्या वर्षी चार महिने प्रत्येक सेट फेल्युअरला नेला होता. पहिले पाच आठवडे स्वर्ग, मग झोप बिघडली, कोपरं दुखायला लागली, आणि वहीत आकडे मागे जायला लागले तरी मी म्हणायचो अजून जोर लावायला पाहिजे. शेवटी आठवडाभर सेट अर्ध्यावर आणले, वजनं हलकी केली आणि परत आलो तेव्हा पहिल्याच दिवशी जुना आकडा मोडला. आता मी जोराचे चार-पाच आठवडे झाले की एक हलका ठेवतोच.

प्रश्न: दादा, माझा पार्टनर रेप मोजताना लबाडी करतो. मी आठ मारले की तो दहा म्हणून ओरडतो. काय करू?

वहीत आठ लिही. पार्टनर सोडू नकोस, वेळेवर येणारा आणि बार छातीवर पडायच्या आत पकडणारा माणूस मिळत नाही. फक्त मोजायचं तू मनात मोज आणि त्याला ओरडू दे.